क्लबचे वार्तापत्र: कागदावर एक, फोनवर दुसरे

पक्षीनिरीक्षण क्लबच्या बैठकीत हल्ली हमखास सल्ला मिळतो: छापायची पीडीएफच ग्रुपवर टाका, काम झाले. तसे करू नका. दोन रकान्यांत बसवलेले ए४ पान फोनवर बोटांनी ओढत वाचायला कुणालाच धीर नसतो.

आधी वाटणी करा. रविवारच्या फेरीची वेळ, भेटायची जागा, वर्गणीची आठवण हे सारे दर महिन्याला फोनवर. हंगामाच्या नोंदी, रेखाटने, लांब लेख तीन-चार महिन्यांतून एकदा कागदावर. नवरंग गेल्या पावसाळ्यात कधी दिसला, हे वर्षभराने ग्रुपवर शोधून पाहा, म्हणजे छापील यादी का हवी ते कळेल. घरट्याची नेमकी जागा मात्र कुठेच देऊ नका. फोटोवाल्यांची रीघ लागली की पक्षी अंडी सोडून जातात.

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे फोन आणि संगणक दोन्हींना वाचता येणाऱ्या प्रमाण अक्षर-संकेतात, टाइप करून घ्या.

खरी कटकट पुढे आहे, आणि तिने मलाही पुष्कळ दमवले आहे. अनेक छापखाने अजून जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत काम करतात. तुमचा मजकूर ते कन्व्हर्टरमधून काढतात आणि तिथे ‘पांढऱ्या छातीचा खंड्या’ चा ‘पांढर्या’ होतो, कुठे रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. म्हणून शेवटचे मुद्रितशोधन रूपांतरानंतर, कागदावरच्या प्रुफावर करा. ‘आम्ही आधीच तपासलंय’ याला इथे काही अर्थ नाही. प्रुफावरची प्रत्येक दुरुस्ती मूळ युनिकोड फाइलमध्येही लगेच करा. छापखान्याच्या फाइलमधून मजकूर उचलून फोनवर डकवलात, तर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे उमटतील.

त्यापेक्षा युनिकोडमध्येच जुळणी करणारा माणूस शोधा. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर हा पर्याय निवडायला सांगा. नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न बसता नंतर पडते आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे हवेत. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फाँट फुकट मिळतो आणि तो याच वळणाचा आहे.

ए४ कागद मधोमध दुमडून ए५ अंक करा. मध्ये पिना मारायच्या तर पाने चारच्या पटीत लागतात. एखादे उरलेच, तर नोंदींचा कोरा तक्ता छापा, सभासद तो खरोखर वापरतात. पानभर फोटो किमान १७५० पिक्सेल रुंद हवा. व्हॉट्सअ‍ॅपवर तो डॉक्युमेंट म्हणूनच मागवा, नाहीतर आक्रसून येतो.

फोनच्या अंकासाठी तोच युनिकोड मजकूर अरुंद पानावर, एकाच रकान्यात, मोठ्या अक्षरात ओता. फोटो इथे हलके चालतात.

छापील प्रत हवी का, हे वर्गणी घेतानाच प्रत्येकाला विचारा आणि तेवढ्याच प्रती काढा. गावातल्या वाचनालयासाठी एक जास्त.