लंडनच्या जुन्या बड्या हॉटेलात उतरताय? या चुका टाळा

ब्राउन्स १८३७चं, सॅव्हॉय १८८९चं, रिट्झ १९०६चं, गोरिंग १९१०चं. मध्य लंडनमधल्या या जुन्या घराण्यांत नियम भरपूर असतात, पण त्यांच्या पाट्या क्वचितच दिसतात. चुकलात तरी कुणी तोंडावर टोकणार नाही. चूक कळते ती बिलात. रिसेप्शनवरचं वाक्य ‘आय अ‍ॅम अफ्रेड’ने सुरू झालं, की नकार आला असं समजा. तिथे आवाज चढवून काही होत नाही, दुसरा पर्याय विचारला तर मात्र खूप काही होतं.

खोली फोटो पाहून घेणं

इमारती जुन्या, त्यामुळे एकाच दराच्या दोन खोल्यांचा आकारही सारखा नसतो. सगळ्यात स्वस्त खोल्या बऱ्याचदा आतल्या चौकाकडे उघडतात. शांत असतात, पण उजेड कमी. म्हणून बुकिंगआधी चौरस मीटर आणि खिडकी कुठे उघडते, दोन्ही विचारा. २५ चौरस मीटर म्हणजे साधारण २७० चौरस फूट, दोन मोठ्या बॅगा उघडल्या की चालायला जागा उरत नाही. ‘डबल’ म्हणजे एकच मोठा पलंग. आई आणि मावशी एकत्र राहणार असतील, तर ‘ट्विन’ मागा. मुलांची खोली शेजारी हवी असेल तर ‘कनेक्टिंग’ म्हणा, तिला मधून दार असतं. ‘अ‍ॅडजॉइनिंग’ म्हणजे नुसता शेजार. एका खोलीत चौघं जमवून घेऊ, हा आपला हिशेब इथे चालत नाही.

दर बघताना व्हॅट धरलाय का ते तपासा. तो २० टक्के आहे आणि काही महागडी हॉटेलं तो सोडून आकडा दाखवतात. ५०० पौंडांचे ६०० होतात. त्यावर ५ टक्के सर्व्हिस चार्ज लागला तर ६३०. तीन रात्रींत ३९० पौंडांचा फरक! त्या चार्जपुढे ‘डिस्क्रीशनरी’ लिहिलं असेल तर तो ऐच्छिक असतो. काढायला सांगता येतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि तो दिला असेल तर वेगळी टिप द्यायचं बंधन नाही.

फॉरेक्स कार्ड पुढे करणं

चेक-इनला हॉटेल खोलीच्या भाड्याखेरीज काही रक्कम कार्डावर अडवून ठेवतं. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड दिलंत तर तुमचे खरे पैसे अडकतात आणि निघाल्यावरही ते सुटायला काही दिवस लागू शकतात. इथे क्रेडिट कार्ड द्या. त्याचा परदेशी वापर बँकेच्या अ‍ॅपमधून घरूनच सुरू करून घ्या. मशीनने ‘रुपये की पौंड’ विचारलं तर पौंड. रुपये निवडलेत तर दर मशीनवाल्याचा.

न्हाणीघरातली सवय

सगळ्यात महाग चूक इथे होते. आपल्या मोरीला उतार असतो, जाळी असते, पाणी सांडलं तरी निघून जातं. इथे टबाबाहेरच्या फरशीला बहुधा जाळीच नसते. टबाबाहेर उभं राहून तांब्याने अंघोळ केली, तर पाणी दाराखालून गालिच्यात जातं किंवा खालच्या खोलीच्या छतातून गळायला लागतं. शॉवर घेताना पडद्याचं खालचं टोक टबाच्या आत हवं. पडद्याऐवजी अर्धी काच असेल तर शॉवरचं तोंड भिंतीकडे वळवा. टबाच्या काठावर घडी घातलेला जाडसर टॉवेल अंग पुसायचा नाही, तो खाली अंथरायचा. तरी पाणी सांडलंच, तर हाताला लागतील ते टॉवेल त्यावर टाका आणि हाउसकीपिंगला लगेच फोन करा. लपवलेलं पाणी जास्त महाग पडतं. संडासात जेट नसतो. हाउसकीपिंगकडे ‘जग’ मागितला की मिळतो, कशाला ते कुणी विचारत नाही.

आरशाजवळचं छोटं सॉकेट फक्त शेव्हर आणि टूथब्रशसाठी असतं. आपला दोन गोल पिनांचा प्लग त्यात बसतो, म्हणूनच घोटाळा होतो. त्यावर हेअर ड्रायर चालणार नाही. खोलीतल्या सॉकेटला तीन चौकोनी पिनांचा अ‍ॅडॉप्टर लागतो.

किटली फक्त पाण्याची. दूध तळाला धरतं, मॅगीने तर ती कायमची जाते. आणि अगरबत्ती लावू नका, धुराचा अलार्म वाजला तर रात्री दोन वाजता सगळं हॉटेल रस्त्यावर येऊ शकतं.

‘हाय टी’ मागणं

आपल्याकडे ‘हाय टी’ म्हणजे थाटाचा चहा. तिथे मात्र ते कष्टकऱ्यांचं संध्याकाळचं पोटभर जेवण होतं. तुम्हाला हवा तो ‘आफ्टरनून टी’. रिट्झमध्ये तो घ्यायचा तर पुरुषांना जॅकेट आणि टाय लागतो, जीन्स आणि स्पोर्ट्स शूज चालत नाहीत. जागा कित्येक आठवडे आधी भरते, म्हणून विमानाच्या तिकिटाबरोबरच हेही उरका.

शाकाहारी असाल तर नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही, त्यात अंडं धरलेलंच असतं. एग मेयोनीजचं सँडविच समोर येईल, स्कोनला, म्हणजे चहाबरोबरच्या छोट्या गोल पावाला, वरून अंड्याचा हात फिरवलेला असेल, थरथरणाऱ्या गोडात प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन असू शकेल. ‘नो एग, नो जिलेटिन’ असं बुकिंग करतानाच लेखी कळवा. त्या दिवशी टेबलावर सांगून स्वयंपाकघराला नवे स्कोन भाजता येत नाहीत. नाश्त्यालाही जपा. ब्लॅक पुडिंग गोड नसतं, ते सॉसेज, त्यात डुकराचं रक्त असतं आणि पारंपरिक वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासा.

स्कोन सुरीने कापू नका, हाताने आडवा उघडा. इंग्लंडमधल्या डेव्हन भागातले लोक त्यावर आधी क्रीम लावतात, शेजारचे कॉर्नवॉलवाले आधी जॅम. पुणेरी मिसळ की कोल्हापुरी, तसाच हा वाद आहे; त्यात पडू नका.

दारावरची पाटी आणि जुन्या नोटा

‘डू नॉट डिस्टर्ब’ दिवसभर लटकत ठेवलंत तर संध्याकाळी पलंग आवरायला, पडदे ओढायला कुणी येणार नाही. नाटकाची तिकिटं, टेबल, डॉक्टर, सगळ्याला कॉन्सियर्ज, म्हणजे पाहुण्यांची अशी कामं करून देणारा कर्मचारी, गाठा. कोटाच्या कॉलरवर सोनेरी किल्ल्यांची जोडी दिसली तर तो मुरलेला माणूस.

बॅगा उचलणाऱ्याला दोन-पाच पौंड द्यायला सुटे ठेवा, पण मागच्या ट्रिपमधले, कपाटात जपलेले नकोत. कागदी २० आणि ५०च्या नोटा ३० सप्टेंबर २०२२नंतर चलनात नाहीत, जुनं एका धातूचं गोल एक पौंडाचं नाणं त्याआधीच, १५ ऑक्टोबर २०१७ला गेलं. नोटा थ्रेडनीडल स्ट्रीटवरच्या बँक ऑफ इंग्लंडमध्ये आजही बदलून मिळतात. जाताना पासपोर्ट सोबत ठेवा.