ऑफिसच्या लीगमध्ये पहिला ड्राफ्ट आहे? मग रनिंग बॅकचं एवढं वाचून जा

ऑगस्ट आला की इकडे न्यू जर्सीत मंडळाच्या गणपतीची वर्गणी आणि ऑफिसच्या फँटसी फुटबॉल लीगचं आमंत्रण साधारण एकदमच येतं. वर्गणी तुम्ही देणारच आहात, लीगलाही हो म्हणा. अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंतून प्रत्येकाने आळीपाळीने, फेरीफेरीने आपली टीम निवडायची, याला ड्राफ्ट म्हणतात. मग ते खेळाडू खऱ्या सामन्यांत जे करतील त्याचे गुण आपल्याला. सप्टेंबर ते डिसेंबर दर सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी बोलणं याचंच चालतं, आणि ज्याची टीम आहे त्याला त्यात आपसूक जागा मिळते. आपल्यातले पुष्कळ जण वर्षानुवर्षं इथे राहूनही "त्यांचं काहीतरी चाललेलं असतं" म्हणत डबा घेऊन आपल्या टेबलावर जाऊन बसतात, आणि वर म्हणतात की इथली माणसं मोकळी बोलत नाहीत. बोलतात हो. आपणहून शिकवायला येत नाहीत एवढं खरं, पण एकदा विचारून बघा, अर्धा तास सुटका नाही.

सगळे नियम सांगत बसत नाही. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी, घ्यायची घाई करू नका. किकर (चेंडूला लाथ मारणारा) आणि डिफेन्स (एखाद्या टीमची सगळी बचावफळी) शेवटच्या दोन फेऱ्यांत. पैसे लावायचे असतील तर हरलो तरी घरी सांगता येईल एवढेच. बस्स. नवी मंडळी मार खातात ती रनिंग बॅकवर, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्या गड्यावर, म्हणून बाकीचं सगळं त्याच्याबद्दल.

आपण क्रिकेटवर वाढलेलो, त्यामुळे सरासरी बघायची खोड जात नाही. यादी उघडली की नवखा माणूस आधी बघतो एका कॅरीमागे, म्हणजे चेंडू घेऊन एकदा पळण्यामागे, किती यार्ड. साडेपाच दिसले की खूश. पण तो गडी सामन्यात सहाच वेळा चेंडू घेऊन पळत असेल तर तो सातव्या नंबरवर येऊन शेवटची ओव्हर खेळणाऱ्या फलंदाजासारखा: स्ट्राइक रेट डोळे दिपवणारा, रन बारा. आधी बघायचं ते चेंडू त्याच्या हातात किती वेळा येतो. आठवड्याला वीसेक वेळा चेंडू मिळणारा साधासुधा बॅक मला चालतो. आठ वेळा मिळणारा गुणी बॅक दुसऱ्या कुणाच्या टीममध्ये शोभून दिसतो.

दुसरं, लीगची गुणपद्धत. ड्राफ्टच्या आधी सेटिंगच्या पानावर जाऊन बघा की कॅचला, म्हणजे फेकलेला चेंडू झेलण्याला, गुण आहे का. बहुतेक ठिकाणी दहा यार्डांना 1 गुण आणि टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्याच्या गोल लाइनपलीकडे नेण्याला, 6 असतात. पीपीआर (पॉइंट पर रिसेप्शन) लीग असेल तर प्रत्येक कॅचला आणखी 1, हाफ पीपीआरमध्ये अर्धा. ऐकायला किरकोळ वाटतं, म्हणून हिशोबच मांडतो. डेरिक हेन्रीने 2020 मध्ये टेनेसीकडून 2,027 यार्ड पळून काढले, 17 टचडाउन केले, कॅच मात्र 19. ख्रिश्चन मॅकॅफ्रीने 2019 मध्ये कॅरोलायनाकडून पळून 1,387 आणि कॅच घेऊन 1,005 यार्ड काढले, 19 टचडाउन, 116 कॅच. कॅचला गुण नसेल तर हेन्री साधारण 316 आणि मॅकॅफ्री 353, म्हणजे फरक आहे पण आवाक्यातला. पीपीआर लावा: 335 आणि 469. दोन हजार यार्ड पळालेला माणूस एकशेतीसहून जास्त गुणांनी मागे! हे न बघता ड्राफ्टला बसणारे दरवर्षी भेटतात, आणि त्यातले निम्मे कोडमधल्या स्वल्पविरामावरून भांडणारे इंजिनियर असतात.

मग ब्लॉकिंग, म्हणजे पळणाऱ्याला वाट मिळावी म्हणून समोरच्यांना अडवणं. याचं उदाहरण इथल्या प्रत्येकाच्या जिव्हारी लागलेलं आहे. सेकॉन बार्कली आमच्या उंबऱ्यातल्या जायंट्सकडे होता. 2023 मध्ये 247 कॅरी, 962 यार्ड. पाठीराखे म्हणायला लागले, संपला. 2024 ला तो फिलाडेल्फियाला ईगल्सकडे गेला आणि 345 कॅरींत 2,005 यार्ड काढून बसला. माणूस तोच, पण समोर वाट करून देणारी ऑफेन्सिव्ह लाइन दुसरी, आणि कॅरी शंभराने जास्त. त्या मोसमात ब्राझीलमध्ये झालेल्या त्याच्या पहिल्याच सामन्यात पळून 109 यार्ड, 2 कॅचमध्ये 23 यार्ड आणि 3 टचडाउन, म्हणजे पीपीआरने 33.2 गुण. एडिसनमध्ये जायंट्सच्या कुठल्याही चाहत्यापुढे हा आकडा काढू नका, चहा मिळणार नाही.

त्याच टीममध्ये एक मेख आहे. गोल लाइनपासून एका यार्डावर चेंडू आला की ईगल्स बरेचदा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला मागून ढकलून आत घालायचे. त्याने 2023 मध्ये 15 आणि 2024 मध्ये 14 टचडाउन पळून केले. हे बॅकच्या तोंडचे घास. म्हणून कुठल्याही बॅकबद्दल विचारा की शेवटच्या पाच यार्डांत चेंडू कुणाला देतात.

टचडाउनच्या गेल्या वर्षीच्या आकड्यावर तर अजिबात भुलू नका. जमाल विल्यम्सने 2022 मध्ये डेट्रॉइटकडून 17 टचडाउन पळून केले, लीगमध्ये सर्वांत जास्त. पुढच्या वर्षी न्यू ऑर्लिन्सला गेला आणि पळून 1. यार्ड आणि कॅच थोडेफार टिकतात, टचडाउन टीम बदलली की हवेत जातात.

वय आणि थकवा याबद्दल थोडक्यात. 2014 ला डलासच्या डिमार्को मरीला 392 कॅरी दिल्या. पुढच्या वर्षी नव्या टीममध्ये तो 702 यार्डांवर थांबला. म्हणून प्रचंड ओझं वाहिलेल्या बॅकला दुसऱ्या वर्षी जपून. पण तिशी गाठलेल्या हेन्रीने 2024 मध्ये बाल्टिमोरकडून 1,921 यार्ड काढले, तेव्हा वयाचा बाऊ करणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता जे मी दरवर्षी घसा कोरडा होईस्तो सांगतो ते. महागडा बॅक घेतलात तर त्याच्या टीमचा दुसरा बॅकही घ्या. पहिला पडला तर त्याचं काम ज्याला मिळणार, त्या राखीव गड्याला इथे हँडकफ म्हणतात. 2024 च्या ड्राफ्टमध्ये बहुतेकांनी पहिल्या क्रमांकावर मॅकॅफ्रीला उचललं, तेव्हा तो सॅन फ्रान्सिस्कोकडे होता. पहिला सामना सोमवारी रात्री. दुखापतीच्या यादीत तो "क्वेश्चनेबल", म्हणजे खेळेल की नाही नक्की नाही. रविवारी दिवसभर लोकांनी आपल्या बाकीच्या खेळाडूंचे सामने मजेत बघितले, आणि सोमवारी संध्याकाळी कळलं की तो खेळणार नाही. बदली घालावा तर बाकावरच्या सगळ्यांचे सामने उरकलेले. थेट शून्य! आणि ज्याने शेवटच्या फेरीत चेष्टा सहन करून त्याच्या राखीव गड्याला, जॉर्डन मेसनला, घेतलं होतं, त्याला मेसनने त्या रात्री 28 कॅरी, 147 यार्ड आणि एक टचडाउन दिला. वर सामन्यानंतर मेसन सहज बोलून गेला की मला शुक्रवारी रात्रीच सांगितलं होतं. म्हणजे कोच आठवडाभर जे सांगतात त्याला तुम्ही किती किंमत द्यायची ते बघा.

मॅकॅफ्री नोव्हेंबरात परतला, चार सामने खेळला, आणि बफेलोच्या बर्फात गुडघा दुखावून मोसमातून गेला. त्याच सामन्यात मेसनचाही घोटा गेला. तेव्हा विमा काढूनही नशीब फिरतं, कबूल. पण न काढता बसू नका. आणि "क्वेश्चनेबल" माणूस रविवारी किंवा सोमवारी रात्री खेळणार असेल तर त्याच रात्री खेळणारा दुसरा कुणी बाकावर ठेवा. खेळणार नसलेल्यांची यादी सामन्याच्या दीड तास आधी लागते. तेव्हा गजर लावा, पूजेत असलात तरी.

मोसम सुरू झाल्यावर कुणी बॅक जखमी झाला की मंगळवारी रात्री त्याच्या राखीव गड्यावर बोली लागते. पुष्कळ लीगमध्ये वर्षभराच्या बोलीला शंभर खोटे डॉलर मिळतात. आपल्या लोकांना इथे काटकसर नडते. डिसेंबरात सत्तर डॉलर शिल्लक ठेवून हरलेले मी पाहिलेत, त्यांची कुणी एफडी करून देत नाही. सप्टेंबरात बॅक मिळत असेल तर निम्मे ओता.

खेळाडूंच्या अदलाबदलीचा प्रस्ताव आला तर लाजून हो म्हणू नका. ऑफिसातला गोड बोलणारा मॅनेजरही इथे भाजीवाल्यासारखी घासाघीस करतो, आणि तुम्ही नाही म्हणालात तर त्याला राग येत नाही. आपल्याकडे साहेबाला नाही म्हणायची सवय नसल्यामुळे कित्येकांनी चांगला बॅक देऊन बाकावरचे दोन भिडू घेतलेत. आणि गावाभिमान आवरा. बे एरियातली आपली मंडळी अर्धी टीम फोर्टीनाइनर्सची, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खेळाडूंची, भरतात आणि बाय वीकला, म्हणजे त्या टीमच्या सुट्टीच्या आठवड्यात, एकदम उघडी पडतात.

भारतवारी बहुतेक जण डिसेंबरात काढतात, आणि लीगचे बाद फेरीचे सामने नेमके पंधराव्या ते सतराव्या आठवड्यात, म्हणजे त्याच दिवसांत पडतात. न्यू जर्सीतला रविवार दुपारी एकचा सामना तेव्हा पुण्यात रात्री साडेअकराला सुरू होतो, म्हणजे न खेळणाऱ्यांची यादी दहाला लागते. लग्नाच्या पंगतीत फोन काढलात तर मावशी बोलतील, पण तेवढं ऐकून घ्या. सोमवार रात्रीचा सामना पुण्यात मंगळवारी सकाळी पावणेसातच्या सुमाराला असतो, तिथे जेटलॅग तुमच्याच बाजूने आहे.