पेलेटची डबी बदलताना

माझी मुलगी दहा मीटर एअर रायफल मारते, मी नाशिकला, सातपूरच्या टूलरूममध्ये आहे. मागच्या हिवाळ्यात तिची नेहमीची पेलेट, म्हणजे रायफलीची शिशाची छोटी गोळी, संपली. दुकानात तोच ब्रँड, तेच ०.५३ ग्रॅम वजन मिळालं, पण हेड साइज, म्हणजे पेलेटच्या डोक्याचा व्यास, ४.५० मिमीऐवजी ४.४९. दहा मायक्रॉननं, मिलिमीटरच्या शंभराव्या भागानं, काय होतंय, असं मीच म्हणालो. रोज दहा मायक्रॉनसाठी बनवलेला भाग परत पाठवणाऱ्या माणसानं हे म्हणायला नको होतं. पुढचे दोन आठवडे तिला मधूनमधून दहाऐवजी नऊ गुण पडत राहिले आणि ती स्वतःच्या ट्रिगरला दोष देत राहिली.

क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बामसरांच्या या गावात नेमबाजाच्या मनाबद्दल पुष्कळ बोललं जातं. ते हवंच. पण पोराच्या मनावर बोट ठेवण्याआधी पेलेट तपासा, आणि तेही पोराच्या हाताशिवाय.

कोचना विचारून रेंजवरच रायफल व्हाइसमध्ये, म्हणजे पकड-शिकंज्यात, बांधा. जबड्यांना चामडं लावा, ॲक्शनपाशी, म्हणजे जिथे पेलेट भरतात त्या मधल्या भागापाशी, धरा. हवेच्या सिलिंडरला जबडा अजिबात लागता कामा नये. सिलिंडर आधी भरून घ्या, म्हणजे मध्येच दाब उतरल्याची शंका नको. नवी पेलेट घातल्यावर पहिले पंचवीस-तीस शॉट मोजायचे नाहीत. नळीत जुन्या पेलेटचं शिसं आणि तेलाचा थर असतो, तो बदलायला तेवढे लागतात. मग दहा-दहा शॉटचे निदान तीन ग्रुप, म्हणजे भोकांचे पुंजके, प्रत्येक लक्ष्याच्या नव्या कार्डावर. हेड साइज आणि डबीवरचा लॉट (उत्पादनाची खेप) नंबर कार्डावर आधीच लिहा. नंतर सगळी भोकं सारखीच दिसतात.

आता व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी. पेलेट मोजायला नको. मी मायक्रोमीटर लावून पाहिला, शिसं इतकं मऊ की मापता मापताच दबतं. मोजायचा तो ग्रुप, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. दहाचा ठिपका अवघा ०.५ मिमी, पेलेट ४.५ मिमी, आणि नुसती कड लागली तरी दहा. म्हणजे मधोमध बसलेला ग्रुप ९.५ मिमीपर्यंत असला तरी सगळे दहाच. पण दशांशात मोजलं की केंद्रापासून दर पाव मिलिमीटरला ०.१ जातो. ७ मिमीच्या ग्रुपमधला कडेचा शॉट साधारण १०.५, ८ मिमीच्या ग्रुपमधला १०.३. साठ शॉटमध्ये हे साचत जातं.

ग्रुप घट्ट आहे पण खाली किंवा बाजूला सरकलाय? घाबरू नका, साईटचे, म्हणजे नेम धरायच्या साधनाचे, दोन-चार क्लिक फिरवले की झालं. पसरलेला ग्रुप मात्र कुठल्याच क्लिकनं आवळत नाही. तिथे पेलेटच बदलायची. शेजारच्या मुलाला ४.४९ लागू पडते म्हणून तुमच्या नळीला पडेल असं नाही.

जमिनीवर पडलेली पेलेट पुन्हा डबीत टाकू नका, तिचा स्कर्ट, म्हणजे मागचा पातळ घेर, दबलेला असतो. शिसं हाताळल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही, हे मुलांना रोज सांगावं लागतं.

जमलेला लॉट सापडला की परवडतील तेवढ्या डब्या एकदम घ्या. पावसाळ्यात झाकण घट्ट लावा, ओलीनं शिशावर पांढरी भुकटी धरते.

आमची कार्डं निघाली तेव्हा ४.५० चा ग्रुप ७ मिमी होता, ४.४९ चा ९ च्या वर. मुलीनं दोन्ही भोकांवरून बोट फिरवलं, बराच वेळ काही बोलली नाही, आणि कार्डं तिच्या डायरीत चिकटवून टाकली.