साथीत शाळा बंद पडली की मुलांच्या बाबतीत या चुका टाळा

कोविडच्या साथीत २०२० साली राज्यात दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला, २०२१ ला अख्खी परीक्षाच. घरोघरी मोठी माणसं म्हणाली, "सुटलास!" पण ज्यासाठी वर्षभर राबलं तेच हातचं गेलं, याचं अनेक मुलांना दुःख होतं. ते आधी ऐकून घ्या. "खंबीर राहा" म्हटलं की मूल रडणं लपवायला शिकतं, सावरायला नाही.

सगळ्यात आधी बिघडते ती झोप. ऑनलाइन तास नऊचा, म्हणून मूल पावणेनऊला उठून अंथरुणातूनच लॉगिन करतं. सकाळचा उजेड नाही, दिवसभर हालचाल नाही, मग रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही. इथे पालक झोपायची वेळ ठरवून देतात आणि रोज भांडण होतं. झोप हुकमाने येत नाही. उठणं मात्र आपल्या हातात असतं. म्हणून उठायची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं अलीकडे आणा. रविवारीही तीच ठेवा, नाहीतर सोमवारी घडी पुन्हा विस्कटते. उठल्यावर अर्धा तास गच्चीत किंवा गॅलरीत, दुपारची डुलकी फार तर वीस मिनिटं. घर एका खोलीचं असेल तर निदान गादी गुंडाळून मग अभ्यासाला बसवा.

शिक्षा म्हणून फोन काढून घेऊ नका. मित्र त्यातच असतात. फोन दूर ठेवायचा तो झोपण्याआधीचा एक तास. साथीच्या बातम्या दिवसातून एकदाच, जेवताना नकोत.

घरातला मृत्यू लपवणं ही फार महागात पडणारी चूक. मुलांना कुजबुजीतून कळतंच, आणि मग आपल्यावरचा विश्वास उडतो. लहानग्यालाही "आजी वारली" असंच सांगा; "गावाला गेली" म्हटलं तर ते वाट बघत बसतं.

भूक, झोप, आंघोळ, आवडता खेळ हे सगळं दोन आठवडे बिघडलेलंच राहिलं, तर डॉक्टरांना दाखवा. जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलणं कानावर आलं तर मात्र एक दिवसही थांबू नका. "मरावंसं वाटतं का?" असं सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उत्तर 'हो' आलं तर मुलाला एकटं सोडू नका, औषधं आणि शेतीची कीटकनाशकं कुलपात ठेवा आणि टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत, चोवीस तास आणि मराठीतही आहे. जिवाला लगेच धोका वाटला तर थेट रुग्णालय गाठा.