दोन मोठ्या क्रूझ जहाजांतून एक निवडताना: पैसे भरण्याआधीची तयारी

घसरगुंड्या, थिएटर, रोषणाई यांची तुलना घरातली मुलं करतीलच, ती त्यांना करू द्या. तुम्ही वही घ्या, पानाच्या मधोमध रेघ मारा, डावीकडे एक जहाज, उजवीकडे दुसरं. आणि सगळ्यात वर हा प्रश्न लिहा: प्रत्येक बंदरात जहाज धक्क्याला लागणार आहे, की बाहेर नांगर टाकून आपल्याला छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेणार आहे? या दुसऱ्या प्रकाराला टेंडर म्हणतात. आम्ही कुडाळहून आईला घेऊन गेलो तेव्हा हे विचारायचंच राहिलं, म्हणून हा सगळा खटाटोप.

आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना यात नवल वाटणार नाही. कोकणातल्या कितीतरी बंदरांत आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू पडावातून किनाऱ्याला यायचे. तेव्हा लोक धडधाकट होते, दुसरा इलाजही नव्हता. आजचं जहाज वीस मजली आणि लिफ्टवालं असलं तरी बंदरात पाणी उथळ असेल किंवा एवढा लांब धक्काच नसेल तर प्रकार तोच. जहाजाच्या कुशीत, पाण्यालगत, एक दार उघडतं आणि बाहेर लोखंडी फळी येते. बोट तिला दोराने बांधलेली असते, पण लाट आली की फळी जागच्या जागी आणि बोट हातभर वर, मग हातभर खाली. दोन बाजूंना दोन खलाशी. ते दंडाला धरतात, लाटेकडे बघत थांबतात आणि बोट फळीच्या बरोबरीला आली की "नाऊ" म्हणतात. तेवढ्यात पाय टाकायचा. आईचे दोन्ही गुडघे बदललेले. तिने पाय उचलला, मागे घेतला, पुन्हा उचलला, आणि म्हणाली, "तुमी जावा, मी हयच बसतंय." मालवण जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत चढणारी बाई ती, पण ते गुडघ्यांच्या आधीचं. तिच्यासोबत कुणीतरी थांबणं आलंच, आणि तिच्यासाठी काढलेल्या सहलीत तिने ते बेट खिडकीतून पाहिलं.

तेव्हा हे टूरवाल्याच्या "सगळं होतं हो, काळजी करू नका" यावर सोडू नका. कंपनीच्या अधिकृत कार्यक्रमपत्रिकेत बऱ्याचदा बंदराच्या नावापुढे 'डॉक्ड' किंवा 'टेंडर्ड' असं लिहिलेलं असतं. नसेल तर ईमेलने विचारा आणि उत्तर लेखी घ्या. सिंगापूरहून निघणाऱ्या फेऱ्यांचं सांगायचं तर पेनांगला जॉर्ज टाउनमध्ये स्वेटनहॅम पिअरला जहाज थेट लागतं, उतरलात की शहरात. फुकेतचं तसं नाही. मोठी जहाजं पुष्कळदा पातोंगच्या किनाऱ्यासमोर नांगर टाकतात आणि तिथून टेंडर. त्याच बेटावर आओ माखामला धक्का आहे, म्हणून नुसतं "फुकेत" लिहिलेलं वाचून गप्प बसू नका, कुठलं फुकेत ते विचारा. थायलंडच्याच को सामुई बेटाला टेंडरच. इकडे लक्षद्वीपलाही जहाज पुष्कळदा प्रवाळाच्या रांगेबाहेर उभं राहतं आणि बेटावर लहान बोटीने जावं लागतं. म्हणजे "देशातल्या देशात आहे, सोपं असेल" हा हिशेबही चुकीचा.

महिना याच प्रश्नाला जोडून बघायचा, वेगळा नाही. पातोंगचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. ज्या नैऋत्य वाऱ्यामुळे पावसाळ्यात मालवणची किल्ल्याची होडी बंद ठेवतात, तोच वारा साधारण मे ते ऑक्टोबर तिथेही असतो. लाट मोठी असली की कप्तान टेंडर रद्द करतो, आणि करावंच. मग बंदर गेलं. तिकिटाच्या करारात तो अधिकार कंपनीकडे असतो आणि तुम्हाला फार तर त्या बंदराचं शुल्क परत मिळतं. उलट ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये सामुईच्या बाजूला पाऊसवारा जास्त. समुद्र आम्हाला शिकवू नका असं म्हणणाऱ्या काकांनाही हे माहीत नसतं, कारण त्यांचा समुद्र देवगड ते वेंगुर्ला.

आता जहाजाचा आकार. जाहिरातीत टन लिहिलेले असतात, ते वजन नव्हे. ग्रॉस टनेज हे जहाजातल्या बंदिस्त जागेचं माप आहे. म्हणून आकडा मोठा दिसला की हरखून जाऊ नका, त्याला प्रवाशांच्या संख्येने भागा. सिंगापूरहून फेऱ्या केलेल्या दोन जहाजांचंच बघा. ओव्हेशन ऑफ द सीज आणि गेंटिंग ड्रीम, दोन्ही २०१६ ची, दोन्ही जर्मनीत पापेनबुर्गच्या मायर वेर्फ्ट गोदीत बांधलेली. ओव्हेशन १,६८,६६६ टनेजचं, लांबी ३४८ मीटर, खोलीत दोघे धरून सुमारे ४,१८० प्रवासी. गेंटिंग ड्रीम सुमारे १,५०,७०० टनेजचं, ३३५ मीटर, तशाच हिशेबाने सुमारे ३,३५० प्रवासी. भागाकार करा: मोठ्या जहाजात माणशी ४० च्या आसपास, लहानात ४५. म्हणजे लहान जहाजावर जागा जास्त. आणि मे महिन्याच्या सुट्टीत खोलीतले वरचे बर्थही भरतात. ओव्हेशनवर सगळं भरलं तर प्रवासी ४,९०० च्या घरात जातात आणि तोच आकडा ३४ वर येतो. लिफ्टसमोरची आणि नाश्त्याची गर्दी याच आकड्यावर ठरते. टेंडरची रांगही यावरच, कारण एका बोटीत जाऊन जाऊन शे-दीडशे माणसं जातात आणि उरलेले हजारो हातात नंबर घेऊन बसतात. बंदरात सात तास लिहिलेत ना? त्यातून टेंडरचे जाण्यायेण्याचे वजा करा, शेवटची बोट जहाज सुटण्याच्या बऱ्याच आधी असते तेही वजा करा, मग उरतं ते तुमचं.

जहाज कोणत्या सालचं यापेक्षा शेवटची डागडुजी कधी झाली ते विचारा. मुंबईहून फिरणारं एम्प्रेस १९९० चं, टनेज ४८,५६३. पहिल्यांदाच जाणाऱ्यांना तेवढं पुरतं, आणि हाताशी फक्त दोन-तीन रात्री असतील तर एवढ्या लहान जहाजावर चालणंही कमी. महाकाय जहाजावर या टोकाच्या खोलीपासून त्या टोकाच्या जेवणघरापर्यंत जायचं म्हणजे गावच्या देवळाला जाऊन येणं. आईवडील बरोबर असतील तर जहाजाची लांबी हीसुद्धा तक्त्यात एक ओळ.

खोली: मधोमध आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथे जहाज कमी हलतं. वर पोहण्याच्या तलावाचा मजला आणि खाली थिएटर नको. पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज, रात्री ढोल. डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, उघडून तुमच्या खोलीच्या बरोबर वर आणि बरोबर खाली काय आहे ते बघा, दोन मिनिटांचं काम आहे, कुणी करत नाही. बाल्कनी म्हटलं की समुद्र असं नाही. काही महाकाय जहाजांवर बाल्कनी आतल्या चौकाकडे उघडते, काहींवर समोर लाइफबोट टांगलेली. "गॅरंटी" खोली स्वस्त असते कारण कुठली द्यायची ते कंपनी ठरवते. तरण्याताठ्यांनी घ्यावी, म्हाताऱ्यांसाठी नको. व्हीलचेअर लागणार असेल तर रुंद दाराची खोली वेगळी मागावी लागते, अशा खोल्या थोड्याच असतात. आणि व्हीलचेअर टेंडरमध्ये चालते का? हेही वेगळं विचारायचं. खोलीपर्यंत गेली म्हणजे किनाऱ्यापर्यंत गेली असं होत नाही, आणि जड बॅटरीची खुर्ची तर बहुतेक ठिकाणी टेंडरमध्ये घेत नाहीत.

पैसे. जाहिरातीतला आकडा खोडा आणि शेवटचा आकडा मागा. त्यात बंदर शुल्क, कर आणि सक्तीची ग्रॅच्युइटी धरून. ही बक्षिशी दिवसाला माणशी लागते. १८ डॉलर धरले तर चौघांचे पाच रात्रींचे ३६० डॉलर झाले, आणि ते जहाजावर गेल्यावर कळलं की चिडचिड होते. वायफाय वेगळं, कोल्ड्रिंक वेगळं, काही उपाहारगृहं वेगळी. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात, तो आयकर विवरणपत्रात वळता करता येतो, पावती जपा. दोन जहाजांत तीन हजारांचा फरक असेल आणि महागडं जहाज सगळीकडे धक्क्याला लागत असेल तर तेच घ्या, यावर मी वाद घालणार नाही.

कागदपत्रं. पासपोर्टला सहा महिने मुदत, हे सांगायला नकोच. पण सिंगापूरहून निघून पेनांगला जाऊन परत आलात की सिंगापूरमध्ये तुमचा दुसऱ्यांदा प्रवेश होतो, म्हणून व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच आहे ना, ते त्यावर छापलेलं स्वतः वाचा. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड परत येताना पुन्हा भरायचं. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसातून सूट दिली, तरी त्यांचं डिजिटल कार्ड भरावं लागतं, आणि असे नियम बदलतात, निघण्याआधी बघून घ्या.

जेवण: शाकाहारी आणि जैन जेवण बुकिंगच्या वेळीच नोंदवायचं, दोन्ही कंपन्यांकडून लेखी. मासे मिळतील, तिरफळ घातलेली आमटी मिळणार नाही. घरचे लाडू, चटण्या बहुतेक जहाजं चढू देत नाहीत, बंद पाकिटं चालतात. इस्त्री, किटली नको, काढून घेतात.

विमा प्रवासाचाच हवा. घरचा मेडिक्लेम जहाजावरच्या दवाखान्याला साधारणपणे लागू नसतो आणि तिथलं बिल डॉलरात येतं. आजारी माणूस किनाऱ्यावर हलवायचा खर्च त्यात धरलाय का बघा. उलटीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. रोजची औषधं हातातल्या पिशवीत, कारण मोठ्या बॅगा खोलीत संध्याकाळपर्यंत येत नाहीत. फोन जहाज सुटायच्या आधी एअरप्लेन मोडवर, नाहीतर समुद्रातल्या नेटवर्कचं बिल येतं.

कुडाळहून मुंबईला आदल्या दिवशीच पोचा. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू असतात आणि दरड कोसळली तर जहाज थांबत नाही. परतीचं रेल्वे तिकीट त्याच रात्रीचं नको.

एवढं झालं की दोन्ही कंपन्यांना एकच ईमेल पाठवा: बंदरवार धक्का की टेंडर, व्हीलचेअर टेंडरमध्ये चालेल का, बंदर रद्द झालं तर काय परत मिळतं, शेवटची रक्कम किती. जी कंपनी चारही प्रश्नांना सरळ उत्तर देईल तिच्याकडे आगाऊ रक्कम भरा, आणि ती भरताना रद्द करण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.