गावात राहायचे की शहरात: निर्णय मे महिन्यात घ्यावा

शहरातले बिऱ्हाड मोडून कोकणातल्या मूळ गावी कायमचे राहायला जावे का, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत नात्यातल्या आणि ओळखीच्या बऱ्याच कुटुंबांनी मला विचारला आहे. आम्ही स्वतः डोंबिवली, पुणे आणि रत्नागिरी जिल्ह्यात राजापूर तालुक्यातले गाव अशी बिऱ्हाडे केली, त्यातले गावचे पहिले बिऱ्हाड नऊ महिन्यांत मोडावे लागले आणि दुसरे टिकले. या दोन खेपांमध्ये जो फरक होता, तो सांगण्यासाठी हा लेख आहे. गावात हवा चांगली असते, खर्च कमी लागतो, आधी जागा घेऊन टाका आणि बाकीचे नंतर पाहा, असे सल्ले देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी गावात सलग एक उन्हाळा काढलेला नसतो. त्यांचे ऐकून कुणी आयुष्यभराची पुंजी गुंतवू नये, असे मला मनापासून वाटते.

पहिली पायरी म्हणजे प्रश्न नीट मांडणे. ‘गाव’ आणि ‘शहर’ यांची तुलना करून काहीही ठरत नाही. तुलना करायची ती अमुक वाडीतल्या अमुक घराची आणि अमुक उपनगरातल्या अमुक इमारतीची. एकाच गावातल्या दोन वाड्यांमध्येसुद्धा जमीनअस्मानाचा फरक असतो, कारण एक वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी वसलेली असते आणि दुसरी सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर.

दुसरी पायरी खर्चाची यादी करण्याची. ती कुणालाही करता येते, फक्त तीत वाहन, घराची दरवर्षीची डागडुजी आणि शहरात घालाव्या लागणाऱ्या फेऱ्या धराव्यात.

तिसरी पायरी दवाखान्याची आहे. पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री अकरा वाजता त्या घरातून निघून, जिथे खरोखर डॉक्टर भेटतो अशा रुग्णालयापर्यंत गाडीने जावे आणि लागलेला वेळ लिहून ठेवावा. गाडी दारापर्यंत येते की पाखाडी उतरून रस्त्यापर्यंत चालत जावे लागते, हेही त्याच वेळी कळते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला खुर्चीत बसवून त्या पायऱ्या उतरवायची वेळ आली तर कोण हात लावील, याचा विचार तिथेच उभे राहून करावा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचे प्रतिविष आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांवर एकच प्रतिविष चालते, आणि रत्नागिरी जिल्ह्यात फुरशाची भीती खरी आहे.

आता चौथी पायरी. मी चुकले ती इथेच, आणि बहुतेक जण इथेच चुकतात. गावात काही दिवस राहून पाहावे हे सगळेच सांगतात, पण केव्हा राहावे हे कुणी सांगत नाही. चाकरमानी गावाला जातो तो गणपतीत, शिमग्याला किंवा दिवाळीच्या सुट्टीत. गणपतीत विहिरी काठोकाठ भरलेल्या असतात, सगळी घरे उघडी असतात, खळ्यात माणसे मावत नाहीत. आम्हीही पहिल्या वेळी मार्गशीर्षात तीन आठवडे राहिलो, विहिरीत हात घालून पाणी घेता येईल असे वाटावे इतकी ती भरलेली पाहिली, समाधानाने परतलो आणि घराच्या दुरुस्तीला पैसे घातले. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच विहिरीचा तळ उघडा पडला. त्यानंतरचे दीड महिना मी वाडीच्या नळावर घागरी घेऊन रांगेत उभी राहिले, आणि ज्या शेजारणींनी पिढ्यान्‌पिढ्या त्या नळाच्या पाळ्या सांभाळल्या होत्या, त्यांच्या वाट्यात आम्ही नव्याने शिरलो होतो. त्यांनी आम्हाला पाणी नाकारले नाही. पण त्यांच्या हंड्यातले पाणी आम्ही घेतो आहोत हे मला रोज दिसत होते, आणि तो ताण मला सहन झाला नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी तिथे मे महिन्यात टँकर फिरतात, हे शहरातल्या माणसाला पटत नाही. कारण जमिनीत आहे. ती जांभ्याची, म्हणजे तांबड्या कातळाची, आहे आणि जांभा सच्छिद्र असतो; पावसाचे पाणी त्यातून झपाट्याने खाली उतरते, त्यामुळे विहीर लवकर भरते, आणि उतारामुळे तेच पाणी झऱ्यांवाटे तितक्याच लवकर निघून जाते. नद्या सह्याद्रीतून निघून थोडक्या अंतरावर समुद्राला मिळतात. म्हणून कोकणातल्या विहिरीचे नोव्हेंबरमधले पाणी पाहून मेमधल्या पाण्याचा काहीही अंदाज बांधता येत नाही. सड्यावरच्या विहिरींबाबत तर हे हमखास खरे ठरते.

यावर माझे ठाम मत असे आहे की राहून पाहायचे ते अक्षय्य तृतीयेपासून पुढे किमान तीन आठवडे, मेच्या अखेरपर्यंत, मृग लागण्याच्या आधी. उकाडा, डास आणि वाडीतली बंद घरे यांसह राहावे. पाहुण्यासारखे राहू नये. सोबत शहरातून पाण्याचे बाटलीबंद डबे नेऊ नयेत, कारण ते नेले की चाचणीच उरत नाही.

त्या दिवसांत विहीर मोजायची असते. एका लांब सुतळीला दगड बांधून त्यावर खुणा कराव्यात आणि पाण्याची पातळी रोज एकाच वेळी मोजावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाझर मोजणे. संध्याकाळी तासभर पंप चालवून पाणी काढावे, पातळी नोंदवावी, रात्रभर कुणी पाणी काढणार नाही असे पाहावे, आणि सकाळी पातळी किती चढली ते मोजावे. विहिरीचा व्यास सुमारे तीन मीटर असेल, तर दहा सेंटिमीटर चढ म्हणजे जवळपास ७०० लिटर पाणी. आता आपली गरज. घरोघरी नळाने पाणी देण्याच्या जलजीवन मिशन या सरकारी योजनेत ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर हे माप धरले आहे, आणि मलनिःसारणाची सोय असलेल्या शहरांसाठी नियोजनात १३५ लिटर धरतात. चार माणसांच्या घराला गावच्या मापाने २२० लिटर लागतात, शहरातल्या सवयीने ५४०. म्हणजे रात्रीतून दहा सेंटिमीटर चढणारी विहीर शहरी सवयींनाही पुरते, तीन सेंटिमीटर चढणारी गावच्या मापालासुद्धा जेमतेम अपुरी पडते. पहिल्या खेपेला आमच्या विहिरीत मेमध्ये पाझर उरलाच नव्हता. मोजण्याची रीत मला तेव्हा माहीत असती तरी मार्गशीर्षात मोजून ती उपयोगाची नव्हती.

त्या विहिरीवर आणखी किती घरांचा हक्क आहे, हे विचारायला लाजू नये. सामाईक विहिरीत पाझर ७०० लिटर असला आणि हिस्सेदार चार घरे असली, तर आपल्या वाट्याला १७५ लिटर येतात. शिवाय नवीन आंब्याची कलमे लावायची असतील, तर पहिली काही वर्षे उन्हाळ्यात त्यांनाही पाणी घालावे लागते. ते घरच्या हिशेबातूनच जाते. गावातले जुने लोक कोणत्या वर्षी कोणती विहीर कोणत्या नक्षत्राला आटली हे सांगतात, आणि त्यांचे सांगणे मला आजवर बहुधा बरोबर आढळले आहे. राज्य सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नोंदवते; आपल्या गावाजवळ अशी विहीर असेल, तर तिची मे महिन्याची नोंद मागावी.

पाणी कमी पडते म्हणून कूपनलिका खोदा, असा सल्ला मिळेलच. पाहणी न करता खोदलेल्या कूपनलिकेत आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचे पैसे कोरड्या दगडात गेले, म्हणून तो सल्ला मी देत नाही. त्याऐवजी छताचे पाणी साठवावे. हजार चौरस फुटांच्या, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटरच्या छतावर ३,००० मिलिमीटर पाऊस पडला, तर पाचवा भाग वाया गेला असे धरूनही दोन लाख लिटरांवर पाणी मिळते. अडचण गोळा करण्याची नसून टिकवण्याची असते. फेब्रुवारी ते मे हे १२० दिवस २२० लिटरांनी काढायचे, तर २६,४०० लिटरांची झाकलेली टाकी हवी. ५४० लिटरांनी काढायचे तर जवळपास ६५,००० लिटरांची. दुसऱ्या खेपेला आम्ही परसात २७,००० लिटरांची टाकी बांधली आणि सवयी बदलल्या. दोन्ही केले म्हणून टिकलो.

विहिरीवर पंप असला तरी रहाट काढून टाकू नये. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांतली कित्येक गावे बरेच दिवस विजेविना होती, आणि वीज नसलेल्या घरात पंपाखालचे भरलेले पाणीही हाताला लागत नाही.

मे महिन्यातला मुक्काम संपला की घरातल्या प्रत्येकाने आपले मत वेगळे लिहावे, एकमेकांसमोर बोलून नाही. ज्या व्यक्तीच्या वाट्याला पाणी भरणे, स्वयंपाक आणि आजारी माणसाचे करणे येणार आहे, तिचे मत इतरांच्या मतांखाली दबू देऊ नये. बागेच्या हौसेने गावी जाऊ पाहणारा माणूस आणि घागर उचलणारी व्यक्ती एकच नसते, असे मी जवळजवळ प्रत्येक घरात पाहिले आहे.

पाचवी पायरी शहराची. शहरालाही त्याच्या वाईट दिवसांतच पाहावे: जुलैमध्ये सकाळी साडेआठची लोकल पकडून, मेमध्ये त्या सोसायटीत आठवड्याला किती टँकर येतात हे पहारेकऱ्याला विचारून, आणि लिफ्ट बंद असताना आईवडिलांना तो मजला चढवतो का हे पाहून.

सहावी पायरी कागदांची. सातबारा, आठ अ आणि फेरफार हे जमिनीचे उतारे काढून तालुक्याच्या ठिकाणच्या वकिलाला दाखवावेत; सातबारावर भावकीची सामाईक नावे असतील, तर वाटणी होईपर्यंत एक वीटही रचू नये. स्वतःची मूळ जमीन नसलेल्यांनी हे लक्षात ठेवावे की कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ मधील कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. त्यातून पळवाट काढून देतो म्हणणाऱ्या दलालाशी बोलणे तिथेच थांबवावे.

शेवटची पायरी म्हणजे शहरातले घर लगेच न विकणे. ते अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर द्यावे. महाराष्ट्रात या कराराची नोंदणी बंधनकारक आहे, ती टाळू नये. करार १ जुलैपासून करावा, म्हणजे तो ३१ मेला संपतो, आणि तो पुढे वाढवायचा की सामान बांधून परत यायचे हे विहिरीत सुतळी सोडून ठरवता येते.