परदेशात मिक्सर नेताय? या चुका टाळा

गोव्याहून परदेशी निघालेल्या कुटुंबाच्या बॅगेत मिक्सर हमखास सापडतो. शाकुतीचं (गोव्याच्या मसालेदार रश्श्याचं) वाटप तिथल्या ब्लेंडरला जमत नाही, ही तक्रार खरीच आहे. पण सोबत एक ट्रॅव्हल अ‍ॅडाप्टर घेतला की झालं, असं समजणारे पुष्कळ. अ‍ॅडाप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेजला हातही लावत नाही.

म्हणून आधी कुठं जाताय ते बघा. पोर्तुगाल, इंग्लंड, दुबई, मस्कत, दोहा इथं आपल्यासारखीच 230-240 व्होल्ट, 50 हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनं) वीज आहे. तिथं जाताना व्होल्टेज बदलणारा जड ट्रान्सफॉर्मर उचलून नेणं म्हणजे पैसे आणि सामानाचे किलो फुकट घालवणं. तपासायचं ते अर्थिंग. स्वस्त अ‍ॅडाप्टरमध्ये आपली जाड तिसरी पिन नुसती भोकात बसते, पुढं कशालाच जोडलेली नसते. इस्त्री, किटलीसाठी असला अ‍ॅडाप्टर नकोच. इंग्लंड आणि दुबईच्या चौकोनी पिनांच्या प्लगमध्ये छोटा फ्यूज असतो. वस्तू अचानक बंद पडली तर मेकॅनिककडे धावण्याआधी तो बघा.

खरी गडबड अमेरिका-कॅनडात. तिथं घरात 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. आपली 1500 वॉटची किटली तिथं जेमतेम 400 वॉटची होते, कारण व्होल्टेज अर्धं झालं की उष्णता पावपट उरते. किटली निदान जळत नाही. मिक्सरचं तसं नाही. रिकामं भांडं फिरतं, त्यामुळे वाटतं चाललाय. ओलं खोबरं, मिरची, धणे घातले की पातं अडकतं, मोटर घूं घूं करते आणि वास सुटतो. त्या क्षणी बटण बंद करा. ‘अजून थोडं फिरवून बघू’ म्हणालात तर मोटरचं वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारेची गुंडाळी, गेलंच म्हणून समजा.

त्यावर उपाय व्होल्टेज वाढवणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर, तोही मिक्सरच्या वॉटच्या दुप्पट क्षमतेचा, कारण मोटर सुरू होताना जास्त करंट ओढते. 750 वॉटच्या मिक्सरला 1500 चा. हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके कन्व्हर्टर मोटरला चालत नाहीत. माझं मत विचाराल तर एवढं धूड नेण्यापेक्षा 110 व्होल्टचा भारतीय मिक्सर तिथंच घ्या. अमेरिकेत तो मिळतो.

उलटा प्रवास जास्त महागात पडतो. अमेरिकेतल्या आत्याने पाठवलेला 120 व्होल्टचा राइस कुकर फोंड्यात थेट सॉकेटला लावला, तर जवळजवळ चौपट वॉट ओढून तो क्षणात जातो. इथं व्होल्टेज कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. पण ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही. विजेच्या हर्ट्झवर चालणारं तिथलं घड्याळ इथं तासाला दहा मिनिटं मागं पडतं, आणि 60 हर्ट्झसाठीच बनवलेला मायक्रोवेव्ह ट्रान्सफॉर्मरवरही बेभरवशाचा.

मोबाईल आणि लॅपटॉपच्या चार्जरची चिंता सहसा नको. मागच्या बारीक अक्षरांत ‘इनपुट 100-240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ’ असेल तर फक्त पिन बदला. नुसतं 220-240 लिहिलेलं असेल तर अमेरिकेला नेऊ नका. 100 व्होल्टच्या जपानलाही नाही.

तारवटींसाठी, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्यांसाठी, वेगळी सूचना. केबिनमध्ये इस्त्री, किटली यांना बहुतेक क्रूझ जहाजांवर आगीच्या भीतीने मनाई असते, व्होल्टेज जुळो वा न जुळो. बॅग भरण्याआधी एजंटला विचारा.